आधी एक पावसाळा पागेत काढू द्या, मग कॉलेजची फी भरा

पुण्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे आणि चार वर्षं शनिवार-रविवार घोडेस्वारी शिकतेय. तिला हॉर्स मॅनेजमेंट आणि रायडिंग कोचिंगचा कॉलेजातला कोर्स करायचाय, आणि इंग्लंडमधल्या एका कॉलेजचं माहितीपत्रक तिने घरी आणून ठेवलंय. वडील विचारतात की यात पोट भरतं का, परदेशी पाठवायलाच हवं का, आणि शिकून परत आली तर पुण्यात करणार काय. शेवटी हेल्मेटबद्दल एक छोटा प्रश्न आहे, त्याचं उत्तर शेवटीच देते.

मी बावीस वर्षं पुण्यात घोड्यांमध्ये काम करतेय. सुरुवात एनसीसीच्या आर अँड व्ही, म्हणजे घोड्यांवर काम शिकवणाऱ्या, शाखेतून झाली, मग बरीच वर्षं मुलांना शिकवलं, आता एक पागा सांभाळते आणि नवे कोच घडवते. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याला ठरलेल्या चालींत अचूक चालवून दाखवण्याच्या प्रकाराचं, सांघिक सुवर्ण आणलं, १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर घोडेस्वारीतलं पहिलं. तेव्हापासून असे फोन मला वरचेवर येतात आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. म्हणूनच उत्तर जरा मोठं देतेय.

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी कामं एकात एक गुंतली आहेत. घोड्यावर चांगलं बसणं हे एक. घोडा निरोगी ठेवणं हे दुसरं. दुसऱ्या माणसाला घोड्यावर बसायला शिकवणं हे तिसरं. तुमच्या लेकीने चार वर्षांत पहिलं काम केलंय, तेही कुणीतरी खरारा करून, खोगीर चढवून, हातात लगाम दिल्यावर. तिने घोड्याच्या दिवसातला एक तास पाहिलाय. ती ज्या कोर्सबद्दल बोलतेय, तो जवळजवळ सगळाच उरलेल्या तेवीस तासांबद्दल आहे. हांगझोऊचे चौघे पहिल्या कामातले आहेत. त्या पातळीला जाण्यासाठी वर्षानुवर्षं युरोपात राहून सराव करावा लागतो आणि हाताशी त्या तोडीचा घोडा लागतो. तो खर्च वेगळा आणि तो रस्ताही वेगळा. कोचिंगचा कोर्स करून आपोआप तिकडे पोचता येत नाही, हे घरात आधी स्पष्ट बोलून घ्या.

तेवीस तास म्हणजे काय, ते एका प्रसंगातून सांगते.

ऑगस्ट महिना होता, पाऊस लागून राहिलेला. मी तेव्हा ज्या पागेत काम करत होते, तिथे एक वयस्कर सईस होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. संध्याकाळी दाणा देताना ते मला म्हणाले, "ताई, याची लीद आज कमी पडलीय." मी बघितलं, घोडा शांत उभा होता, कान हलत होते. म्हटलं, जेवून येते, मग बघू. दोन तासांनी आले तेव्हा तो पुढच्या पायाने जमीन उकरत होता, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होता, आणि मानेवर घाम होता. जबड्याखालच्या शिरेवर बोटं ठेवून नाडी मोजली, मिनिटाला साठ. निवांत उभ्या घोड्याची अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असते. कुशीला कान लावला. एरवी तिथे सतत गुरगुर, खळखळ ऐकू येते. त्या रात्री काहीच ऐकू आलं नाही.

पोटशूळ होता. घोड्याच्या बाबतीत तो इतका भीतीदायक का, हे कळायला शरीराची रचना माहीत असावी लागते. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं असतं आणि घोडा ओकू शकत नाही. आत वायू किंवा पाणी साठलं तर वरून बाहेर पडायला वाटच नाही, जठर फुटू शकतं. म्हणून डॉक्टर आल्या आल्या नाकातून जठरापर्यंत नळी घालतात. आमचे डॉक्टर रात्री अकराला पोचले, नळी घातली, औषध दिलं. पहाटे साडेचारला घोड्याने लीद टाकली, तेव्हा मामा आणि मी दोघंही तिथेच चिखलात खाली बसलो. कारण नंतर सापडलं. त्या सकाळी वाळलेलं गवत संपलं म्हणून कुणीतरी एकदम ताजं, ओलं गवत भरपूर टाकलं होतं. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा पचवणारे सूक्ष्म जीव असतात आणि त्यांना नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला आठ-दहा दिवस तरी लागतात.

मामांना दिसलं होतं, कारण त्यांनी आयुष्यभर लीद उचलली होती. घोडा दिवसात साधारण आठ ते बारा वेळा लीद टाकतो आणि मामांच्या डोळ्याला तो हिशेब आपोआप कळायचा. मला ते दिसलं नाही. पण चारा एकदम का बदलू नये, नाडी किती झाली की डॉक्टरांना फोन करायचा, फोनवर नेमकं काय सांगायचं, हे मला ठाऊक होतं, कारण ते मी शिकले होते. चांगलं कॉलेज दुसरी गोष्ट देतं. पहिली फक्त पागेत मिळते. पहिली नसताना दुसरी शिकायला गेलेली मुलं वर्ग छान पास होतात आणि पागेत गोंधळतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मी मुलाखतीत प्रमाणपत्र बघायच्या आधी उमेदवाराला एका घोड्यासमोर उभं करते आणि म्हणते, दहा मिनिटं बघ आणि काय दिसतंय ते सांग.

तरी कॉलेजच्या शिक्षणाला मी कमी लेखत नाही. आपल्याकडच्या पागांमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या काही सवयी खरोखर नुकसान करतात, आणि त्या फक्त डोळ्याने कळत नाहीत. चाऱ्याचंच बघा. घोड्याला रोज वजनाच्या साधारण दीड ते अडीच टक्के कोरडा आहार लागतो. पाचशे किलोच्या घोड्याला दोन टक्के धरले तर दहा किलो. आता कुणी दहा किलो हिरवा लसूणघास टाकला तर ढीग मोठा दिसतो आणि पोट भरलं असं वाटतं. पण हिरव्या लसूणघासात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणजे घोड्याच्या पोटात गेला दोन-अडीच किलो कोरडा चारा. उरलेली भूक मग कोंडा आणि हरभऱ्यावर भागवली जाते. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम अगदी कमी. महिनोन्महिने मुख्य आहार म्हणून कोंडाच दिला तर शरीर हाडांमधलं कॅल्शियम ओढून घेतं, चेहऱ्याची हाडं सुजतात, घोडा लंगडायला लागतो. जुन्या इंग्रजी पुस्तकांत याला पिठाच्या गिरणीवाल्याच्या घोड्याचा आजार म्हणायचे, कारण त्या घोड्यांना कोंडा फुकट मिळायचा. कॅल्शियमने भरलेला लसूणघास आणि फॉस्फरसने भरलेला कोंडा यांचा मेळ घालणं, भरपूर कोरडं गवत देणं, दाणा थोडा थोडा आणि अनेकदा देणं, हे कागदावर मांडता येणारा माणूस पागेत असला की वर्षाचे डॉक्टरांचे फेरे कमी होतात.

आता तिसरं काम, शिकवणं. इथे चांगले स्वारही अडखळतात, कारण जे त्यांच्या अंगात भिनलंय ते त्यांना शब्दांत सांगता येत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. एक नवी कोच दहा वर्षांच्या मुलाला ट्रॉट, म्हणजे दुडक्या चालीत तालावर उठत-बसत स्वारी करणं, शिकवत होती. मुलगा पोत्यासारखा आपटत होता आणि ती रिंगणाच्या मधून ओरडत होती, टाचा खाली, पाठ सरळ, हात स्थिर, समोर बघ. सगळ्या सूचना बरोबर होत्या आणि एकही उपयोगाची नव्हती. मी घोडा थांबवायला सांगितला. रिकीब, म्हणजे पाय टेकवायची कडी, पट्ट्याची दोन भोकं लांब होती, पाय टेकायलाच मिळत नव्हता तर मुलगा उठणार कशावर? रिकीब वर घेतली, घोडा लंजच्या, म्हणजे मध्ये उभं राहून गोल फिरवायच्या लांब, दोरीवर घेतला, मुलाच्या हातातून लगाम काढून त्याला खोगिराच्या पुढचा पट्टा धरायला दिला. मग फक्त एकच काम सांगितलं, मोठ्याने मोज. ट्रॉटमध्ये घोडा तिरप्या जोडीने पाय टाकतो, पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र, मग उलट. म्हणून ताल दोनाचा असतो. एक-दोन, एक-दोन. चौथ्या फेरीला तो मोजता मोजता आपोआप उठायला लागला. मग त्या कोचला विचारलं, आता घोड्याकडे बघ, काय बदललं? घोड्याने मान खाली सोडली होती. पाठीवर आपटणारं ओझं थांबलं की घोडाही मोकळा होतो. कोचला दोघं विद्यार्थी असतात, आणि दुसरा बोलून तक्रार करत नाही.

त्यात घोड्याची निवड येते, त्याने दिवसात किती तास काम करावं हे येतं, आणि कुणाला नाही म्हणायचं हेही येतं. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, असा एक सर्वमान्य ठोकताळा आहे. साडेचारशे किलोच्या घोड्याला नव्वद किलो, तेही घोडा तंदुरुस्त असेल तर. रविवारी सकाळी पैसे भरून आलेल्या धडधाकट गृहस्थांना "काका, तुम्हाला बसता येईल असा घोडा आज आमच्याकडे नाही" हे नीट सांगता येणं हा कोचिंगचाच भाग आहे.

आता रस्ते. इथून पुढचं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, पैसा किती, मुलीने जीवशास्त्राचं पीसीबी घेतलंय की गणिताचं पीसीएम, तिला जनावर जास्त ओढतं की माणसांना शिकवणं.

पीसीबी असेल आणि तिचा ओढा घोड्याच्या शरीराकडे असेल, तर मी पशुवैद्यकाचं नाव आधी घेईन. नीटची प्रवेश परीक्षा देऊन बीव्हीएस्सी ही पशुवैद्यकाची पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. आपल्या जवळ शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळचं जुनं कॉलेज आहे, दोन्ही नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली. तिथे गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री सगळं शिकावं लागतं, घोडा हा त्यातला एक भाग. पण घोड्यांत मुरलेला डॉक्टर पुण्यात कायम हवा असतो, आणि ही पदवी घोड्यांचं काम मिळालं नाही तरी हात धरून राहते. लष्कराची जनावरं सांभाळणाऱ्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरची वाटही तिथूनच निघते. त्यांचं केंद्र मेरठला आहे.

शिकवण्याकडे ओढा असेल तर माझा सल्ला असा की इथली कुठलीही साधी पदवी चालू ठेवावी, आणि सोबत पागेत काम करत भारतीय घोडेस्वारी महासंघामार्फत कोचच्या प्रशिक्षणाकडे जावं. आंतरराष्ट्रीय महासंघाचा, म्हणजे एफईआयचा, कोच कार्यक्रम तीन पातळ्यांचा आहे आणि तिथे जायचा रस्ता देशाच्या महासंघामधूनच जातो. पदवी चालू ठेवा म्हणतेय त्याचं कारण सांगते. हे शरीराचं काम आहे. माझ्या ओळखीतल्या एका फार गुणी मुलीचा घोट्याचा सांधा तेविसाव्या वर्षी गेला. तिच्याकडे बीकॉम होतं म्हणून ती आज घोड्यांची पैदास करणाऱ्या एका स्टड फार्मचे हिशेब आणि नोंदी सांभाळते, आणि घोड्यांतच आहे.

इंग्लंडच्या माहितीपत्रकाबद्दल एक गोष्ट नीट तपासा, कारण इथे पालकांचे पैसे वाया जातात. तिकडे कॉलेज हा शब्द बहुतेकदा सोळा वर्षांनंतरच्या शिक्षणाला वापरतात. कोर्सवर लेव्हल ३ डिप्लोमा लिहिलं असेल, तर ती साधारण आपल्या बारावीचीच पायरी आहे. बारावी झालेल्या मुलीला त्यासाठी परदेशी विद्यार्थ्याची फी भरून दोन वर्षं घालवायची का, हा विचार करा. प्रात्यक्षिक भरपूर असतं हे खरं, पण कागदावर ती जिथे आहे तिथेच राहते. तिच्यासाठी पुढच्या पायऱ्या म्हणजे दोन वर्षांची फाउंडेशन डिग्री किंवा तीन वर्षांची बीएस्सी. आणि यांच्याहून वेगळी अशी ब्रिटिश हॉर्स सोसायटीची, बीएचएसची, टप्प्याटप्प्याची परीक्षा असते, स्टेज १ ते ५. तिच्यात घोड्याची देखभाल, स्वारी आणि शिकवणं यांची प्रत्यक्ष परीक्षा घेतात. नोकरी देणारे लोक पदवीइतकंच, कधी कधी जास्तच, ती स्टेज कोणती हे विचारतात. म्हणून कॉलेजला ईमेल लिहाल तेव्हा आधी हे विचारा की कोर्स संपेपर्यंत विद्यार्थी बीएचएसच्या कोणत्या स्टेजपर्यंत पोचतो आणि त्या परीक्षांची फी कोण भरतं. आठवड्यातले किती तास तबेल्यात आणि किती वर्गात, हे विचारा. आणि तिला खरे, बाहेरचे, चुकणारे विद्यार्थी शिकवायला मिळतील की वर्गातल्याच मैत्रिणी विद्यार्थी बनून बसतील, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर मी तिथे पाठवणार नाही.

परत येऊन पुण्यात काय करेल? पुणं या कामासाठी देशातल्या चांगल्या शहरांपैकी आहे. कॅम्पातल्या रेसकोर्सला १८३० पासूनचा इतिहास आहे. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या पुण्यातल्या शर्यती पावसाळ्यात होतात आणि हिवाळ्यात तोच कारभार मुंबईत महालक्ष्मीला जातो. शर्यतीच्या तबेल्यात कोचिंग शिकायला मिळत नाही, पण पायाची गरमी हाताने ओळखणं, पट्ट्या बांधणं, नालबंदाचं काम तपासणं याची तिथल्याइतकी कडक शाळा दुसरी नाही. आजूबाजूला स्टड फार्म आहेत. लसी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये उभी राहिली तीही पूनावालांच्या स्टड फार्मच्या घोड्यांच्या आधारानेच. पिंपरीला हाफकिनमध्ये सर्पदंशावरचं औषध घोड्यांच्या रक्तातून तयार होतं, म्हणजे तिथेही घोड्यांची देखभाल हे रोजचं काम आहे. रायडिंग क्लब आणि खेळ म्हणून घोडेस्वारी ठेवणाऱ्या शाळा वाढताहेत. आणि माथेरान, महाबळेश्वर, लग्नाच्या वरातीतल्या घोड्या इथे तर शिकलेल्या माणसाची खूपच गरज आहे, फक्त तिथे पगार देणारं कुणी उभं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते, नव्या कोचचा सुरुवातीचा पगार तिच्या इंजिनियर झालेल्या मैत्रिणींपेक्षा बराच कमी असतो. बऱ्याच ठिकाणी राहायची सोय धरून तो ठरतो, आणि मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत तास गळतात. फरक पडतो तो पागा सांभाळणं आणि शिकवणं दोन्ही एकाच माणसाला येत असेल तेव्हा. अशी माणसं मी स्वतः शोधत असते आणि मला ती सहज मिळत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की फी भरायच्या आधी एक वर्ष घ्या. बारावीची परीक्षा झाली की तिला एखाद्या बऱ्या पागेत पूर्ण वेळ कामाला लावा, आणि जून ते सप्टेंबर हे महिने कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका. पुण्याच्या पावसाळ्यात पागेचं सगळं खरं रूप बाहेर येतं. गवताला बुरशी येते. गोमाश्या वाढतात, आणि त्यांच्या चावण्यातून 'सर्रा' या रक्तातल्या परजीवीच्या आजारासारखे आजार पसरतात. खुराच्या तळव्यात मध्ये एक त्रिकोणी मऊ भाग असतो, ओल्या जमिनीवर उभा राहून तो कुजायला लागतो आणि काळं, उग्र वासाचं पाणी सुटतं. रोज सकाळ-संध्याकाळ चारही खूर उचलून कोरून काढले तर ते होत नाही. वीस घोड्यांच्या ऐंशी खुरांचं हे काम तिने चार महिने पहाटे पाचला उठून केलं आणि तरी ऑक्टोबरमध्ये तिला कोर्सच करायचा असेल, तर निर्धास्त पैसे खर्च करा. तिला एक वही द्या. रोज एका घोड्याचं तापमान, नाडी, श्वास, त्याने किती पाणी प्यायलं, किती लीद टाकली, चाल कशी होती हे लिहू दे. वर्षभराची ती वही कॉलेजच्या मुलाखतीत टेबलावर ठेवली तर तिच्या अर्जाला वजन येईल, हे मी अनुभवाने सांगते. आणि तिथल्या सईसांना नावाने हाक मारायची नाही, मामा-काका म्हणायचं, त्यांचा चहा कधी असतो ते बघून तेव्हा त्यांच्याजवळ बसायचं. जे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत ते त्या चहाच्या वेळी ऐकायला मिळतं.

आता हेल्मेट. सायकलचं किंवा क्रिकेटचं चालणार नाही, घोडेस्वारीसाठीच बनवलेलं घ्या. आतल्या बाजूला एएसटीएम एफ ११६३ किंवा पीएएस ०१५ असा शिक्का शोधा. डोक्यावर घातल्यावर पट्टा न लावता पुढे वाकायला सांगा, ते जागेवरून हलता कामा नये. एकदा पडून डोकं आपटलं की बाहेरून काही दिसत नसलं तरी ते हेल्मेट बदला, कारण आतला थर एकदा दबला की दुसऱ्यांदा मार झेलत नाही. ओळखीच्यांचं वापरलेलं घेऊ नका. आणि पैसे वाचवायचेच असतील तर बुटांवर वाचवा, फक्त त्यांना छोटी टाच असू द्या, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकणार नाही.